जीर्णोद्धाराची मर्यादा

जुन्या वस्तूंविषयींचें प्रेम हा अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत वाढीस लागलेला एक गुण आहे. आणि एखादी गोष्ट गुण म्हणून मान्य झाली कीं तिची मर्यादा कोठें, हा प्रश्न ओघानेंच येतो. भिंतीवरचें लंबकाचें घड्याळ, आजीचें तांब्याचें घंगाळ, पाडलेल्या वाड्याचे दोन नक्षीदार खांब यांच्या बाबतींत तो फारसा बिकट होत नाहीं. घड्याळ बंद पडलें तरी भिंतीवर शोभतें, आणि घंगाळाला पोंचे आले म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु जी जुनी वस्तु चालते, आणि चालतांना आपल्याबरोबर रस्त्यावरच्या परक्या माणसाच्याहि जिवाशीं संबंध ठेवते, तिचें जुनेपण कोणत्या अर्थानें राखावयाचें? जुनी मोटारगाडी ही अशी वस्तु होय. तिच्या निमित्तानें, आणि त्यांतहि तिच्या एका अगदीं क्षुल्लक, बाहेरून कधींहि न दिसणाऱ्या भागाच्या निमित्तानें, या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. तो भाग म्हणजे पुढच्या चाकांच्या दांड्यांतील रबरी बुश. विषय पाहून वाचकांनीं पान उलटूं नये, एवढीच विनंति.

आपल्याकडे सर्वपरिचित असें उदाहरण घ्यावयाचें तर फियाट ११०० ही गाडी घ्यावी. इटलींत १९५३ सालीं निघालेली ही गाडी, वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत बांधली, आणि पुढें तीच ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघर व मुंबईच्या नाक्यानाक्यावर दिसूं लागली. अशा गाड्यांचीं पुढचीं दोन चाकें एका आंसानें जखडलेलीं नसतात. वरची एक व खालची एक अशा दांड्यांनीं प्रत्येक चाक स्वतंत्र धरलेलें असतें, आणि गाडीचा भार वेटोळ्याच्या स्प्रिंगवर तोललेला असतो. चाक खड्ड्यांत गेलें कीं या दांड्या, दाराची फळी जशी बिजागरीवर फिरते, तशा आपल्या मुळाशीं फिरतात. आतां बिजागरी म्हटली कीं लोखंडावर लोखंड घासणें, तेल देणें, करकर ऐकणें हें सर्व आलें. तें टाळण्यासाठीं दांडीच्या मुळाशीं बुश बसवितात: आंत पोलादाची नळी, बाहेर पोलादाचें कडें, आणि दोहोंच्यामध्यें घट्ट दाबलेलें रबर. आंतली नळी बोल्टानें गाडीच्या अंगाशीं आवळलेली, बाहेरचें कडें दांडीच्या डोळ्यांत दाबून बसविलेलें. दोन्ही आपापल्या जागीं अचल. दांडी हलते ती केवळ मधलें रबर पिळवटलें जातें म्हणून. घासणें नाहीं, तेल नाहीं, आवाज नाहीं. शिवाय रस्त्याचा जो बारीक कंप लोखंडांतून थेट बैठकीपर्यंत पोंचावयाचा, तो या रबरांतच बराचसा विरून जातो. यंत्रशास्त्रांत इतकी नम्र युक्ति क्वचितच सांपडेल.

परंतु रबराला आयुष्य थोडें. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधकाच्या व उष्णतेच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची कृति शोधून काढली, तरी हवेंतील प्राणवायु व ओझोन यांपासून त्याची कायमची सुटका झालेली नाहीं. एंजिनांतून गळणारें तेल लागलें कीं तें फुगून मऊ पडतें. उष्णतेनें व वयानें तें ताठर होतें, त्याला चिरा पडतात. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गाडी न चालविली तरी बुश जुना होतोच. दसऱ्याला हार घालून बाहेर काढली जाणारी, मीटरावर थोडेच मैल दाखविणारी गाडी या बाबतींत पुष्कळदां रोज राबणाऱ्या गाडीपेक्षां अधिक खिळखिळी असते. कारण राबणाऱ्या गाडीचे बुश कोणीतरी कधींतरी बदललेले असतात. बुश गेला म्हणजे दांडीला, जेथें हलूं नये त्या दिशेनेंहि हलतां येऊं लागतें. ब्रेक दाबला कीं चाक किंचित् मागें सरतें, गाडी एका अंगाला ओढते, सरळ रस्त्यावरहि स्टीअरिंग सारखें सांभाळावें लागतें, टायर एका कडेनें झिजतो, आणि खड्ड्यांत ‘ठक्’ असा आवाज येतो. मालकाला यांतलें बहुतेक कळत नाहीं. तें एका दिवसांत होत नाहीं. रोज थोडें थोडें होतें, आणि हात त्याला सरावत जातो.

आमच्या परिचयाच्या एका पुणेकर कुटुंबांत दोघां भावांमध्यें यावरूनच मतभेद झाला. वडिलांनीं १९६७ सालीं घेतलेली अकराशें डी. दोघेहि तिच्या मागच्या बैठकीवर लहानाचे मोठे झालेले. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, कारखान्यांतून जें आलें तेंच गाडीला राहिलें पाहिजे. एक एक भाग बदलीत गेलों तर शेवटीं दादांचें म्हणून काय उरलें? धाकट्यांची मुलगी ती गाडी चालवूं लागली होती, म्हणून ते बुश बदलण्याच्या पक्षाचे. अखेर गाडी मिस्त्रींकडे गेली. त्यांनीं पुढची बाजू जॅकवर उचलून घोडीवर टेकविली, दांडीच्या मुळाशीं पहार घालून थोडी दाबली, आणि दांडी केवढी सरकते तें दोघांनाहि दाखविलें. थोरले म्हणाले, “मिस्त्री, दुसरा कांहीं इलाज नाहीं का? ओरिजिनल माल आहे हा.” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “साहेब, ओरिजिनल ठेवायचा तर ठेवा. पण मग गाडी घरींच ठेवा. समोरून येणाऱ्याला काय ठाऊक, तुमचं रबर ओरिजिनल आहे म्हणून?”

प्रश्नाचा अर्धा निकाल आमच्या मतें या उत्तरांत लागला. जुनेपणाविषयींची श्रद्धा ही ज्याची त्याची. तिची किंमतहि ज्याची त्यानेंच दिली पाहिजे. रस्त्यावरून शाळेंत जाणाऱ्या मुलानें ती कां द्यावी? परंतु उरलेला अर्धा प्रश्न थोरल्या बंधूंचा आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. बदलीत गेलों तर काय उरलें?

हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत यवन राजा मिलिंद व भिक्षु नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथांत बसून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं, सांगाडा? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. बरें, या सर्वांहून निराळा असा कांहीं रथ आहे काय? तोहि नाहीं. या सर्व भागांच्या आश्रयानें ‘रथ’ हें नांव चालतें, असें राजालाच शेवटीं म्हणावें लागतें. ग्रीकांकडे याच जातीची कथा थेसियसच्या जहाजाची. प्लूटार्कनें ती सांगितली आहे: कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालीत गेले, तेव्हां जहाज तेंच कीं दुसरें? पुढें सतराव्या शतकांत हॉब्सनें तींत आणखी एक पेंच घातला. काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचेंच दुसरें जहाज बांधलें तर खरें कोणतें? तर्कशास्त्राच्या वर्गांत हा पेंच मोठा रंजक ठरतो. परंतु जहाजानें समुद्रावर जावयाचें असतें, ही गोष्ट त्यांत बाजूला पडते. काढलेल्या बुशांची गाडी कोणी बांधलीच, तर ती खरी कीं खोटी याचा निर्णय पहिल्या घाटांतच लागेल.

आम्हांस नागसेनाचा मार्ग अधिक उपयोगी वाटतो. नांव भागांच्या आश्रयानें चालतें, म्हणजे भागांच्या ढिगाच्या आश्रयानें नव्हे. त्यांच्या परस्परसंबंधाच्या आश्रयानें. चाकाचा गाडीशीं जो संबंध, तो कारखानदारानें विचारपूर्वक ठरविलेला असतो: चाक किती वर जावें, कोणत्या कोनांत राहावें, ब्रेक लागला असतां किती मागें सरावें. हा संबंध राखणें हेंच बुशाचें काम. रबर मेलें म्हणजे द्रव्य तेंच राहून संबंध तुटला. नवें रबर घातलें म्हणजे द्रव्य बदलून संबंध पुन्हा जुळला. यांत ‘दादांची गाडी’ कोणती? दादांनीं जी चालविली ती गाडी ब्रेक दाबतांच डावीकडे ओढत नव्हती. थोरले बंधु जिला जपत होते ती, अक्षरशः पाहिलें तर, दादांनीं कधीं चालविलीच नव्हती.

मग कांहींच बदलूं नये असें कधीं नसतें काय? असतें, आणि तें कोठें, हें आपल्या धर्मव्यवहारांतून चांगलें कळतें. पुरीच्या जगन्नाथाच्या लांकडी मूर्ति, अधिक आषाढ येतो अशा वर्षीं, नव्या घडवितात. यापूर्वीं १९९६ सालीं आणि नंतर २०१५ सालीं हा विधि झाला. जुन्या मूर्तींना समाधि दिली जाते, आणि देव बदलला असें कोणाहि भक्ताला वाटत नाहीं. उलट पंढरपुरास विठ्ठलाच्या मूर्तीचे पाय भक्तांच्या स्पर्शानें झिजले, तर दगड बदलावा हा विचारहि वारकऱ्याच्या मनास शिवत नाहीं. वज्रलेप करून तीच मूर्ति राखतात. दोन्हीकडे श्रद्धा सारखीच, आचार मात्र उलटे. आम्हांस वाटतें, भेद झिजेच्या जातींत आहे. पंढरपूरची झीज ही भक्तीचीच नोंद आहे. ती पुसली तर कांहीं तरी नाहींसें होतें. लांकूड कुजतें त्यांत मात्र कोणाच्या प्रेमाची नोंद होत नसते.

हाच भेद गाडीला लावून पाहावा. स्टीअरिंगच्या चक्राला, वडिलांचा हात जेथें वर्षानुवर्षें टेकत असे तेथें आलेली गुळगुळीत चकाकी. दाराच्या आंतल्या बाजूस लहानपणीं चाव्यांनीं काढलेला ओरखडा. बैठकीचा एका अंगाला बसलेला कोपरा. ही पहिल्या जातीची झीज होय, आणि ती राखावी. बुशाच्या रबरांत वडिलांचा हात कधीं लागलेला नाहीं; तें नुसतें जुनें झालें आहे. आणि व्यवहारांत काय दिसतें? जुन्या गाड्यांचे हौशी मालक बैठकीचें कापड प्रथम बदलतात, रंग खरवडून आरशासारखा नवा देतात, बंपराला पुन्हा क्रोमियमचा मुलामा चढवितात. आणि खालीं बुश तेच! जेथें आठवण होती तेथें नवेपण, आणि जेथें धोका होता तेथें जुनेपण. प्रदर्शनांत पारितोषिकें मिळतात तीं रंगाला मिळतात, हें त्याचें कारण असावें.

इंग्लंडांत जुन्या इमारतींच्या बाबतींत हा वाद गेल्या शतकाच्याहि आधीं फार जोरानें झाला. जॉन रस्किननें १८४९ सालीं जीर्णोद्धाराला सरळ असत्य ठरविलें, आणि विल्यम मॉरिस या कारागीर कवीनें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्थाच काढली. भिंती खरवडून नव्या करूं नका, परंतु छपराचें गळणें वेळींच थांबवा, असा तिचा उपदेश थोडक्यांत सांगतां येईल. योगायोग असा कीं त्याच १८७७ सालीं दुसरा एक विल्यम मॉरिस जन्मला. तो मोटारींचा कारखानदार झाला, आणि त्याच्या कारखान्याच्या ऑक्सफर्ड गाडीचीच पुढें आपली अँबॅसडर झाली. नांवाखेरीज दोघांचा कांहीं संबंध नाहीं. परंतु पहिल्या मॉरिसचा उपदेश दुसऱ्याच्या गाडीला चांगला लागू पडतो. बुश बदलणें हें कौल फिरविण्यासारखें आहे. तें नित्याच्या काळजींत येतें, जीर्णोद्धारांत नव्हे.

आतां दुसरा पक्ष. बाजारांत पॉलियुरेथेन नांवाच्या कृत्रिम द्रव्याचे लाल, निळे, पिवळे बुश मिळतात. ते रबरापेक्षां कठीण असतात, तेलानें बिघडत नाहींत, पुष्कळ टिकतात, आणि स्टीअरिंग हातांत अधिक नेमकें वाटतें. हें सर्व खरें आहे, आणि शर्यतीच्या गाडीला ते घालावेत यांत शंका नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. रबराचें काम दांडी नुसती धरून ठेवण्याचें नव्हतें; धरून ठेवतांना थोडें नमण्याचें होतें. रस्त्याचा धक्का तर यावयाचाच. बुशानें तो सोसला नाहीं तर तो पुढें जातो, बोल्टाकडे, आणि ज्या पत्र्याला तो बोल्ट धरलेला आहे त्याच्याकडे. तो पत्रा पन्नास-साठ पावसाळ्यांचा, आंतून कोठें गंजला असेल तें बाहेरून दिसत नाहीं. शिवाय अशा पुष्कळ बुशांत रबर पिळवटण्याऐवजीं नळीच आंत फिरते. म्हणजे वंगण आलें, वंगण संपलें कीं कुरकुर आली, आणि ज्या बिजागरीपासून सुटका म्हणून रबर आणलें ती परत आली. अशा गाडींत बसलें म्हणजे रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो. ती गाडी वाईट असते असें नाहीं. पण ती दुसरी गाडी असते. कांहीं बदलूं नये म्हणणारा आणि सर्व सुधारावें म्हणणारा, या दोघांत पहिल्यानें अधिक जपलें असें लोक समजतात. आमच्या मतें दोघांच्याहि हातून एकच गोष्ट निसटते. फरक इतकाच कीं दुसऱ्याला तिची किंमत देतांना आनंद होतो.

काम करणाऱ्याच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. बुशाची किंमत थोडी, श्रम फार. दाबलेल्या स्प्रिंगमध्यें हात मोडण्याइतकी शक्ति सांठलेली असते. ती बेतानें सोडावी लागते. गंजलेला बुश दांडीच्या डोळ्यांतून निघत नाहीं. तो प्रेसनें ढकलावा लागतो, नाहीं तर रबर जाळून काढावें लागतें, आणि त्या धुराचा वास दोन दिवस कपड्यांतून जात नाहीं. नवा बुश बसवितांना खनिज तेलाचें ग्रीस लावलें तर काम झटपट होतें, पण तेंच ग्रीस पुढें रबराला खातें. म्हणून साबणाचें पाणी घ्यावयाचें. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी उचललेली, चाकें लोंबकळत असतांना बोल्ट आवळणें सोपें; हात सहज पोंचतो. परंतु तसें केलें म्हणजे गाडी जमिनीवर येतांच दांड्या वर जातात आणि रबर कायमचें पिळवटलेलें राहतें. उभ्या गाडींतहि त्याला विश्रांति नाहीं, आणि तें लौकर फाटतें. म्हणून बोल्ट आधीं सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवावयाची, तिचा सगळा भार तिच्यावर येऊं द्यावयाचा, मग मिस्त्रीनें खड्ड्यांत उतरून, अडचणींत हात घालून ते आवळावयाचे. यांत आणखी वेळ जातो, अंग मळतें, आणि केलें किंवा न केलें हें मालकाला लौकर कळत नाहीं. कळेल तेव्हां तो रस्त्याला दोष देईल.

येथें नीतीचा प्रश्न मिस्त्रीपुरता राहत नाहीं. ज्यानें बुशाच्या मजुरींतून शंभर-दोनशें रुपये घासाघीस करून कमी करविले आणि तेवढ्याच उत्साहानें रंगाच्या कामाला मागितले तितके दिले, त्यानें त्या मिस्त्रीला काय शिकविलें? न दिसणारें काम नीट व्हावें अशी इच्छा असेल तर, तें दिसत नाहीं म्हणूनच, त्याचा मोबदला सढळ हातानें द्यावा लागतो. ही गोष्ट गॅरेजांतच खरी आहे असें नव्हे. वाचकांस आपापल्या घरांतलीं उदाहरणें आठवतील.

जुन्या गाड्यांचा हा सगळा छंदच श्रीमंती आहे, बसच्या रांगेंत उभ्या राहणाऱ्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. मुंबईंत काळ्यापिवळ्या पद्मिनी चालत होत्या तोंवर त्यांच्या चालकांनीं बुश बदलले, दांड्या बदलल्या, प्रसंगीं एंजिनहि बदललें, आणि तीच टॅक्सी कीं दुसरी हा प्रश्न कोणास पडला नाहीं; पोटाच्या व्यवसायांत तो पडत नाहीं. त्यांतली शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयांत २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रस्त्यावरून गेली. ती गेली ती नियमानें. तिचे भाग झिजले म्हणून नव्हे. आतां ज्या उरल्या त्या हौसेच्या. परंतु छंद श्रीमंती आहे म्हणून बुशाचें कर्तव्य कमी होत नाहीं, उलट वाढतें. पोटासाठीं जो रस्त्यावर येतो त्याच्या गाडीचें खिळखिळेपण आपण एक वेळ समजूं शकतों. रविवारीं सकाळीं मौजेनें बाहेर पडणाऱ्याला ती सबब नाहीं.

संग्रहालयाची गोष्ट मात्र वेगळी. तेथें गाडी चालावयाची नसते, आणि मूळचें रबर हा इतिहासाचा पुरावा असतो. तें तसेंच राहूं द्यावें. घरच्या गाडीचा काढलेला बुशहि फेंकून न देतां, कोणत्या दिवशीं व कोणत्या बाजूचा काढला तें चिठ्ठीवर लिहून, एका डब्यांत ठेवावा. त्यानें पुराव्याचीहि सोय होते आणि थोरल्या बंधूंसारख्यांच्या मनाचीहि.

एक अडचण उरतेच. मूळ कारखान्याचे बुश आतां निघत नाहींत. बाजारांत त्या मापाचे जे मिळतात त्यांत रबर कोणत्या प्रतीचें आहे हें नखानें दाबून कळत नाहीं. चांगलें निघालें तर अनेक वर्षें टिकतें, वाईट निघालें तर वर्षाच्या आंत फाटतें. निकृष्ट रबर आणि उत्कृष्ट पॉलियुरेथेन यांतच निवड करावयाची पाळी आली, तर वर मांडलेला आमचा विचार डळमळतो हें कबूल केलें पाहिजे. कारण फाटलेल्या रबराला नमण्याचा गुण उरत नाहीं. अशा वेळीं कठीण बुशाची जी सर्वांत मऊ जात मिळेल ती घालावी, असें आम्हांस तूर्त वाटतें. त्याबरोबर बोल्टांच्या भोंवतालचा पत्रा उघडून, गंज खरवडून तपासून घ्यावा, चाकांची जुळणी करून घ्यावी, आणि दरसाल पावसाळा संपल्यावर मिस्त्रींकडून एकदां दांडीखालीं पहार घालून पाहावें. चांगलें रबर मिळालें म्हणजे तें पुन्हा घालतां येतेंच.